खुर्चीतल्या माणसाला नाही म्हणताना

वस्तीतल्या न्हाव्याला सगळे 'होयबा' म्हणत, आणि तो त्या नावालाही हो म्हणत असे.

यात स्वभावाचा भाग थोडा आणि धंद्याचा जास्त. दुकान मूळचं त्याच्या मामांचं. मामांनी भाच्याच्या हातात वस्तरा दिला तेव्हा पहिला धडा केसांचा नव्हता, बोलण्याचा होता. "गळ्यावर पातं असताना माणसाशी वाद घालायचा नाही," ते म्हणाले होते. "तू 'नाही' म्हणालास की तो मान वळवून तुझ्याकडे बघणार. मान वळली की कातडी गेली. त्यामुळे तो म्हणाला सूर्य पश्चिमेला उगवतो, तर आपण म्हणायचं, हो ना, हल्ली कशाचाच भरवसा नाही."

भाच्याने हा धडा असा काही गिरवला की 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडातून हद्दपारच झाला. सकाळी एक जण खुर्चीत बसून सांगायचा, अंड्याने डोकं तापतं. दुपारी त्याच खुर्चीत दुसरा सांगायचा, अंडं खाल्ल्याशिवाय अंगात जीव येत नाही. होयबा दोघांना हो म्हणायचा, दोघांच्या मानेला पावडर लावायचा, आणि दोघेही आपलंच खरं झालं म्हणून खुशीत घरी जायचे.

पण हो म्हणताना त्याच्या डोक्यात भुंगा मात्र सुरू व्हायचा. खरं काय असेल? अंड्याने डोकं तापतं म्हणजे नक्की काय तापतं? खुर्चीतला माणूस आधी हवेबद्दल बोलतो, मग सरकारबद्दल, आणि डोक्यावर गार पाण्याचा फवारा बसला की जेवणाबद्दल, हे त्याने कितीदा तरी पाहिलं होतं. कोण रात्री काय जेवतो, कोणाला काय पचत नाही, कोणी बायकोपासून लपवून काय खाल्लं, सगळं त्याच्या कानावर यायचं. माहिती ढीगभर, पण तिचं काय करायचं ते ठाऊक नाही, अशी त्याची गत होती.

अशात एके दिवशी दुकानात एक बाई आली. गिऱ्हाइकं चपापून ताठ बसली. बाईच्या गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारी बिस्किटांची रिकामी पाकिटं. ती जवळच्या आरोग्य केंद्रात आहाराचं काम करायची. पुढे सगळेच तिला आहारताई म्हणू लागले.

"पुरुष आमच्याकडे फिरकतच नाहीत," ती म्हणाली. "बायका येतात, ऐकतात, घरी जाऊन सांगतात, आणि नवरे म्हणतात, ते राहू दे, आधी ताट वाढ. म्हणून मी अशी जागा शोधत होते जिथून पुरुषाला पळता येत नाही."

"मग बरोबर जागी आलात," बाकावर वाट बघत बसलेला बसचालक म्हणाला. "इथे गळ्याला फडकं बांधतात."

तिचा बेत सरळ होता. वस्तीतल्याच काही माणसांना काय खावं, पाकीट कसं वाचावं, थोडक्या वेळात साधं पण पौष्टिक कसं शिजवावं हे शिकवायचं. मग त्या माणसांनी ते आपापल्या दुकानात, कामावर, आळीत पुढे शिकवायचं. "येणार का तुम्ही?"

"हो," होयबा म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं, पण या खेपेला ते मनापासून होतं. बसचालकही आला. त्याच्या आगाराच्या उपाहारगृहात सगळे त्याच्या शब्दाला मान देत, कारण तो न ओरडता बोलतच नसे.

वर्ग आरोग्य केंद्राच्या माडीवर भरे. मोडक्या पंख्याची खोली, भिंतीला टेकवलेला फळा, मधोमध लांब टेबल आणि टेबलावर पाकिटंच पाकिटं. होयबा शाळेत मागच्या बाकावर बसणारा, इथे मात्र पहिली खुर्ची पकडून बसला. आहारताईने कागदाच्या तुकड्यात एक खुसखुशीत बिस्कीट चुरडलं, चुरा झटकला आणि कागद खिडकीकडे धरला. जिथे बिस्कीट होतं तिथून पलीकडचं झाड दिसू लागलं.

"हे काय झालं?" तिने विचारलं.

"कागद भिजला," बसचालक म्हणाला.

"पण बिस्कीट तर कोरडं होतं," होयबा पुटपुटला. मग त्याची ट्यूब पेटली. "तेल! कोरड्यात तेल लपलंय!"

त्या दिवसापासून त्याला वेडच लागलं. घरी जे सापडेल ते कागदावर घासून उजेडात धरायचं. डब्याची, बाटलीची, पाकिटाची पुढची बाजू सोडून पाठ वाचायची. त्याची बायको दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती, संध्याकाळी दमून यायची. ती एकदा दारातच थांबली. नवरा स्वयंपाकघरात चष्मा लावून सॉसच्या बाटलीशी तोंडाला तोंड लावून उभा.

"इतकी वर्षं संसार केला, माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलं नाहीत," ती म्हणाली.

"अगं, यात टोमॅटोच्या खालोखाल साखर लिहिली आहे. जे जास्त असतं ते आधी लिहितात. आपल्याला वाटतं तिखट खातोय!"

"बरं. आणि पाठ वाचून झाली असेल तर भांडी घासा. त्यांच्या पाठीवर काही लिहिलेलं नाही."

वर्गात त्याला सगळ्यात चक्रावून टाकलं ते फळांच्या रसाने. आहारताईने पुठ्ठ्याच्या खोक्यातला रस पेल्यात ओतला. खोक्यावर पुढे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, साखर घातलेली नाही. मग तिने खोकं फिरवलं, मागचा तक्ता वाचायला लावला, आणि तक्त्यात जेवढी साखर होती तेवढी चमच्याने दुसऱ्या रिकाम्या पेल्यात टाकत गेली. चमचा थांबेचना. एक-दोघांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, जादूचा प्रयोग पाहतोय अशा.

"पण घातलेली नाही म्हणतात ना?" होयबाला राहवेना. "मग खोटं लिहिलंय का?"

"खोटं नाही. घातलेली नाहीच. फळातच होती. तुम्ही एक फळ चावून खाता तेव्हा चोथा, साल, गर सगळं जातं, वेळ लागतो, पोट भरतं. रसात चार फळांची साखर एका घोटात जाते आणि चोथा कारखान्यात राहतो. साखरेचा आजार असेल त्याच्या रक्तात ती धावतच सुटते."

होयबा त्या पेल्याकडे बघत राहिला. एक वाक्य शब्दशः खरं असून माणसाला फसवू शकतं, हे त्याला फार नवलाचं वाटलं.

शेवटी शेवटी सराव होता. एकाने गिऱ्हाईक व्हायचं, दुसऱ्याने समजावायचं. बसचालक गिऱ्हाईक झाला, खुर्चीत रेलून बसला, पाय पसरले. होयबा सवयीने त्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

"काय राव," बसचालक म्हणाला, "मी साखर बंद केली. आता फक्त रस पितो. चांगलंय ना?"

"हो, हो. उत्तम," होयबा म्हणाला.

खोलीत हशा पिकला. होयबाचे कान लाल झाले. "माफ करा. तो खुर्चीत बसला आणि मी मागे उभा राहिलो की तोंडातून आपोआप..." त्याने मामांचा धडा सांगितला. आहारताई हसली खरी, पण मग खडू हातात घेऊन विचारात पडली.

"तुमच्या गिऱ्हाइकाला हे माहीत आहे का, की तुमचा हो म्हणजे खरा हो नसतो?"

"सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर होयबा म्हणतात."

"आत्तापर्यंत," ती म्हणाली. पण तेवढ्यात चहा आला आणि विषय तिथेच राहिला.

वर्ग संपला. होयबाच्या दुकानातल्या आरशाच्या कोपऱ्यात एक गोल हिरवी चिठ्ठी चिकटली: 'आहाराबद्दल इथे विचारा.' आणि लोक विचारू लागले. बाकावर वाट बघणाऱ्यांना तो कागदावर बिस्कीट चुरडून दाखवी, पाकिटं उलटी करायला लावी, पैजा लावी की बघा, कोणत्या पदार्थात मीठ जास्त आहे ते ओळखा. गंमत अशी की बाकापाशी तो पक्का मास्तर असे, आणि तोच माणूस उठून खुर्चीत बसला, फडकं बांधलं, की पुन्हा होयबा. त्याचं त्यालाच हे कळत नव्हतं. हात चालू झाला की जीभ जुन्या रुळावर जायची.

मामा दर आठवड्याला दाढीला येत. त्यांचे स्वतःचे हात आता थरथरत, म्हणून तर दुकान भाच्याकडे आलं होतं. साखरेचा आजार जुना, डाव्या पायाच्या अंगठ्याला चपलेने घासून झालेली एक जखम, ती काही केल्या बरी होत नव्हती. तरी ऐट कायम. भांग पाडलेला, मिशी कातरलेली, शर्टाची इस्त्री मोडलेली नाही. एका सकाळी ते खुर्चीत बसले, हिरवी चिठ्ठी मोठ्याने वाचली, आणि गालाला फेस लागत असताना म्हणाले, "बरं मास्तर, मी चहातली साखर सोडली. बिस्किटं सोडली. सकाळ-संध्याकाळ तो खोक्यातला रस घेतो. साखर न घातलेला. बरोबर करतोय ना?"

पातं तेव्हा हनुवटीखाली होतं, नेमकं जिथे नस उडते तिथे.

"हो मामा," भाचा म्हणाला. "बरोबर."

म्हणाला आणि पुढच्या गालाकडे वळला. मनात एक टोचणी लागली, पण पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. पुढच्या खेपेला सांगू, असं त्याने स्वतःला बजावलं. पुढच्या खेपेला मामांनी वेगळीच गोष्ट काढली, आणि वस्तरा हातात असताना विषय आपण काढायचा नसतो, हाही धडा मामांचाच.

काही आठवडे गेले. एका दुपारी मामी दुकानात आली. ती दुकानात कधीच येत नसे. दारातच उभी राहून म्हणाली, "बाहेर ये."

तो फडकं झटकत बाहेर आला.

"डॉक्टरांनी आज रक्त तपासलं. साखर एवढी चढली आहे की त्यांनी कागद दोनदा वाचला. अंगठा काळा पडायला लागलाय कडेने. म्हणाले, अशीच साखर राहिली तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावर थांबलं तर नशीब समजा."

"पण गोळ्या तर चालू आहेत ना?"

"गोळ्या चालू आहेत आणि रसही चालू आहे. डॉक्टर म्हणाले रस बंद. तर तुझे मामा काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, माझा भाचा या विषयात शिकून आलाय, त्याला मी स्वतः विचारलंय, तो हो म्हणालाय. तुमच्यापेक्षा मी त्याला लहानपणापासून ओळखतो!" मामीचा आवाज चिरकला. "आता मी बंद कर म्हटलं की मला म्हणतात, तू शिकली आहेस का? मी खोकी लपवली तर स्वतः लंगडत जाऊन नवीन घेऊन आले. बाबा रे, तू खरंच हो म्हणालास?"

"हो," तो म्हणाला. आणि हा हो त्याला गिळवेना.

आधी त्याच्या होकाराला वजनच नव्हतं, म्हणून त्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं. ती हिरवी चिठ्ठी लागली आणि त्याच होकाराला वजन आलं. आहारताईने 'आत्तापर्यंत' म्हटलं होतं ते हे. आता डॉक्टरचं मामा ऐकणार नाहीत, मामीचं ऐकणार नाहीत. ज्याने हो म्हटलं त्यालाच नाही म्हणावं लागणार होतं, तेही ज्या माणसाने नाही म्हणायचं नसतं असं शिकवलं त्यालाच.

दुकान अर्ध्या दिवसात बंद करून तो आरोग्य केंद्राची माडी चढला. आहारताई पाकिटं पुसत होती. त्याने घडलं ते सगळं सांगितलं आणि बोलणी खायला तयार होऊन उभा राहिला.

ती रागावली नाही. खाली बसली. हातातलं पाकीट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "चूक तुमची आहे, आणि माझीही. सरावाच्या दिवशी मला दिसलं होतं. ते तिथेच सोडायला नको होतं." मग तिने एक विचित्र प्रश्न विचारला. "पण ते रसच का पितात?"

"गोड आवडतं म्हणून. आणखी कशाला?"

"विचारलंत?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं माहीत? चहातली साखर सोडली, बिस्किटं सोडली म्हणालात. गोडाचा हव्यास असता तर तीही सोडवली नसती. माणूस साखर सोडतो आणि रसाला चिकटतो, म्हणजे रस त्याचं दुसरं काहीतरी काम करत असणार. ते काय, हे कळलं नाही तर तुम्ही नाही म्हणाल, ते हो म्हणतील आणि घरी जाऊन पितील."

जिना उतरताना त्याच्या डोक्यातला भुंगा पुन्हा सुरू झाला. रस दुसरं काय काम करत असेल? तहान? सवय? मामा दुपारी एकटे असतात, तेव्हा करमत नाही म्हणून? बायकोलाही त्याने विचारलं. ती म्हणाली, "मला काय माहीत? मागच्या वेळी आपल्याकडे जेवायला आले तेव्हा मात्र पाव पाण्यात बुडवून खात होते. मी म्हटलं, मामा, आमटीत तरी बुडवा. तर म्हणाले, पोट भरलंय."

मामा ठरल्या दिवशी आले. डाव्या पायात पट्टीवर सैल चप्पल. बाकावर बसचालक आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. होयबाने मामांना खुर्चीत बसवलं, फडकं बांधलं, ब्रशने फेस केला. आज बोलायचंच असं ठरवून तो आला होता. पण उजवा गाल झाला तरी शब्द फुटेना. न्हावी आणि गिऱ्हाईक एकमेकांशी आरशातून बोलतात. समोरासमोर कधी येतच नाहीत. आरशातले मामा शांत डोळे मिटून बसले होते.

"मामा, गाल फुगवा," तो डाव्या बाजूला येत म्हणाला. गाल आत बसलेला असला की पातं अडखळतं, म्हणून माणसाने जिभेने गाल आतून बाहेर ढकलायचा असतो. मामांनी ढकलला, पण भलत्याच ठिकाणी उंचवटा आला, आणि त्यांनी कळ आल्यासारखा श्वास ओढला. होयबाने बोटाने गाल ताणला. बोटाखाली नुसती मऊ पोकळी. आत आधाराला काहीच नव्हतं.

त्याचा हात थांबला. कितीतरी आठवडे तो हा गाल बोटाने ताणत आला होता, आणि आत का बसलाय हे त्याला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्याने वस्तरा पुसला, मिटला, फळीवर ठेवला. मग जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. खुर्चीला वळसा घालून आरशाकडे पाठ केली आणि मामांच्या पुढ्यात उभा राहिला.

"मामा, नाही."

मामांनी डोळे उघडले. "काय नाही?"

"रस. मी हो म्हणालो होतो ते चूक होतं. मला तेव्हाही माहीत होतं. तुमच्या हनुवटीखाली पातं होतं आणि तोंडातून निघून गेलं. नंतर सांगायचं धाडस झालं नाही. त्या रसात साखरच साखर आहे. डॉक्टर बरोबर आहेत. मामी बरोबर आहे. मी चूक आहे."

बाकावर बसचालकाने वर्तमानपत्र खाली केलं. मामांचा चेहरा, अर्धा गुळगुळीत आणि अर्धा फेसाने माखलेला, हळूहळू तांबडा झाला.

"अर्धी दाढी ठेवून कोण बोलतं रे असं? हे शिकवलं मी तुला?"

"पूर्ण झाली असती तर तुम्ही उठून गेला असता."

मामांनी खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकवले, उठायला बघितलं, आरशाकडे नजर गेली आणि पुन्हा बसले. अर्धी दाढी घेऊन या माणसाने रस्त्यावर पाऊल टाकणं शक्यच नव्हतं.

"आडमुठा," ते म्हणाले. "चार लोकांत सांगितलं मी, भाचा म्हणाला म्हणून. डॉक्टरला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"नाही ठेवली." होयबा स्टूल ओढून पुढ्यात बसला. "शिव्या नंतर द्या मामा, मी कुठे जात नाही. आधी एक सांगा. कवळी कुठे आहे?"

मामांनी नजर चुकवली.

"घरी," मामा म्हणाले.

"घरी कुठे?"

"डब्यात." मग फडक्याच्या कडेशी चाळा करत, "बसत नाही ती. हिरड्या सोलून काढते. जेवायला बसताना लावतो, तुझी मामी समोर असते म्हणून. ती उठली की काढतो. चावता येत नाही रे काही. फळ नाही, भाजी नाही, मांस तर सोडच. पाव ओला केला तर जातो. आणि रस जातो. फळच आहे म्हटलं. खोक्यावर फळाचं चित्र आहे."

"मग मामीला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? म्हातारा बोळका झालाय म्हणून? जन्मभर लोकांचे चेहरे नीट केले मी." त्यांनी पहिल्यांदा आरशात सरळ बघितलं. "आणि तिने केलेलं ताटात राहिलं की तिला वाटतं, आपल्या हाताची चव गेली. ती आणखी तिखटमीठ घालते. मी आणखी रस पितो."

होयबाला एकदम सगळं दिसलं, कागद उजेडात धरल्यावर पलीकडचं दिसावं तसं. मामा गोडाच्या मागे नव्हतेच. ते उपाशी होते. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस रोज उपाशी राहत होता आणि खोक्यातल्या रसावर दिवस ढकलत होता.

"मग मी खाऊ काय?" मामांनी विचारलं. राग अजून होता, पण आता त्यात विचारणंही होतं. "तू शिकून आलास ना? सांग. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

होयबाने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की दात नसलेल्या माणसाने काय खावं हे वर्गात झालंच नव्हतं. "मला नक्की माहीत नाही," तो म्हणाला. "पण शोधू. अंडं चालेल का? मऊ, फेटून केलेलं?"

"आवडत नाही."

"माझा बाप असाच होता," बसचालक बाकावरून गरजला. त्याला हळू बोलता येत नसे. "डाळ अगदी मऊ शिजवायची, त्यात पालक, भोपळा काय असेल ते घालून घोटायचं. चमच्याने खायचं. दात लागतच नाहीत!"

"ते लहान मुलाचं जेवण आहे," मामा म्हणाले.

"मग लहान मुलं उपाशी राहतात का?"

"मासा?" होयबा म्हणाला. "काटे काढून, वाफवून?"

मामा जरा थांबले. "मासा... जाईल."

"आणि फळ हवं असेल तर नासपती घ्या, सालीसकट वाफवून बोटाने दाबून बघा. एकच, छोटं. किंवा पिकलेली पपई. पण रस नको."

"पपईला साबणाचा वास येतो."

"मामा, साबण तुमच्या नाकाखाली लागलाय."

बसचालक खो-खो हसला. मामांनी हसू दाबलं, पण फेसाच्या कडेला एक सुरकुती पडलीच. मग वाद जुंपला. मामा एकेका पदार्थाला नकार देत गेले, होयबा आणि बसचालक पुढचा काढत गेले. कोणी काही शिकवत होतं असं नाही, पण दाराशी आलेलं आणखी एक गिऱ्हाईक आत न येता उंबऱ्यावरच उभं राहून सांगू लागलं की त्याची आजी दही कशात कालवून खायची. होयबाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाही, त्यात गूळ नको, यांना साखर आहे." दुसऱ्यांदा म्हणताना शब्द जरा सोपा गेला.

मग त्याने फेस पुन्हा केला, वाळलेला पुसून काढला, आणि उरलेला गाल सावकाश केला. शेवटी तुरटीचा खडा फिरवून फडकं काढलं.

"कवळी घेऊन दातांच्या डॉक्टरकडे जायचं," तो म्हणाला. "मी येतो बरोबर. मामीला तुम्ही सांगणार, की मी सांगू?"

"मी सांगेन," मामा म्हणाले. मग दारात जाऊन वळले. "पण तिला आत्ताच पपई आणायला सांगू नकोस."

त्यांनी मामीला सांगितलं. मामी आधी रडली, मग चिडली, मग तिने भांडं चढवलं. कवळी घासून नीट करायला दातांच्या डॉक्टरने वेळ लावला, एकदा तर उलट जास्तच टोचू लागली आणि पुन्हा जावं लागलं. मध्ये एक दिवस मामा चोरून रस प्यायलेच. बसचालकाने त्यांना वाण्याच्या दुकानातून रसाचं खोकं घेऊन निघताना पाहिलं आणि बस थांब्यावर थांबवून, सगळ्या प्रवाशांसमोर, खिडकीतून ओरडून विचारलं की मामा, मासा संपला का? त्यानंतर नाही प्यायले, असं ते स्वतः तरी म्हणतात.

आहारताईने पुढच्या वर्गात एक नवा सराव घातला. त्यात समजावणाऱ्याने आधी उठून समोरच्याच्या पुढ्यात जाऊन बसायचं, आणि तीन प्रश्न विचारल्याशिवाय तोंडातून सल्ला काढायचा नाही. त्या वर्गात होयबा मदतीला असतो. नव्या लोकांना तो सांगतो की माझ्या हातून काय झालं, आणि मग गप्प बसून त्यांना प्रश्न विचारू देतो.

डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं तेव्हा साखर उतरलेली होती. जेवढी हवी तेवढी नाही, पण डॉक्टरांनी कागद एकदाच वाचला. अंगठ्याबद्दल ते म्हणाले, बघू, अजून काही सांगता येत नाही.

त्या आठवड्यात मामा दुकानात आले तेव्हा बाकावर चार-पाच माणसं होती. मामा थेट खुर्चीत बसले. होयबा फडकं घेऊन मागे जायला निघाला तर त्यांनी हाताने थांबवलं, चप्पल काढली, पट्टी सोडली आणि पाय खुर्चीच्या पायटेकावर ठेवला.

"बघ," ते म्हणाले. "आणि मला खरं सांग."

होयबा गुडघ्यावर बसला. चष्मा लावला. बाकावरची माणसंही वाकून बघू लागली. जखमेच्या कडेचं काळं मागे सरलं होतं, तिथे गुलाबी, पातळ, नवी कातडी धरत होती. मधोमध मात्र अजून लाल होतं, ओलं होतं.

"कडेने सुकतेय," तो म्हणाला. "मधे अजून नाही."

मामांनी मान हलवली. "मलाही तसंच वाटतंय," ते म्हणाले, आणि पट्टी बांधायला पाय त्याच्या हातात दिला.